बारा नंबरचा नमुना

— नाही साहेब, त्या खाटेवर नका बसू, सुंभ सुटलाय तिचा, इकडं ओट्यावर बसा, भिंतीला पाठ लावून. हां. तर पाण्याचं सांगत होतो मी. तुम्ही म्हणता पंप लावू, चार दिवसांत उपसून टाकू — अहो, ती काय मळ्यातली विहीर आहे का, दुपारी उपसली आणि संध्याकाळी वांग्यांना पाणी सोडलं? चाळीस फूट खोल, काळ्या कातळात खणलेली, आणि नऊ वर्षांत तिच्यात कुणी डोकावलेलं नाही. मानपाड्याची गुरं त्या अंगाला चरायला गेली तर गुराखी आधी परत वळवतात. तोंडावर निवडुंग माजलाय, त्यात घोणस आहे, मी या डोळ्यांनी पाहिलीय. हसा, हसा. आमचा पहिला साहेब पण असाच हसायचा, केळुसकर साहेब — त्यांची सही असेल बघा तुमच्या त्या फाईलीत. भला माणूस. त्यांनी शेवटी हात टेकले त्या टेकडीपुढं, आणि तुम्ही आता फाईल उघडून म्हणता पुन्हा सुरू करू. कशाला? डोंगर पोखरून उंदीर काढायचाय का?

हो, बरोबर, तो कागदावरचा जी. जे. भोईर मीच. गणू जोमा भोईर. कंपनीचा नमुनेवाला — म्हणजे साहेब खडूनं रेघ मारणार आणि मी छिन्नीनं तिथला दगड काढून गोणीत भरणार. तुम्ही माझ्याकडं आलात ते बरंच झालं, नाहीतर मीच येणार होतो तुमच्या तंबूवर. कारण मला कळलं की उद्या सकाळी पंपाची नळी सोडायला पहिला आनंदा उतरणार. मुकादम केलात ना त्याला? पोरगा चांगला आहे, प्रश्न नाही, दोराला घाबरत नाही, हिशेबानं बोलतो. माझा जावई तो. सांगितलं नाही त्यानं तुम्हाला? नाहीच सांगणार, वशिला लावतोय असं वाटायला नको म्हणून. मग हेही सांगितलं नसेल की त्याचा बाप त्याच विहिरीत गेला. — फाईलीत काय लिहिलंय? 'अपघात, मजूर एक.' वाचा पुढं. काहीच नाही पुढं? बरं. तर तो मजूर एक म्हणजे राघो. माझा लंगोटीयार, आणि आता माझा व्याही, पण हे नातं जुळलेलं बघायला तो राहिला नाही.

जरा हळू बोला साहेब. आत सगुणावहिनी आहेत, राघोची बायको. विहीण झाली तरी माझ्या तोंडात वहिनीच बसलंय. आमची मालन बाळंतपणाला आलीय, आठवा लागलाय तिला, म्हणून वहिनी रोज दुपारी येऊन बसतात सुनेजवळ. दोन घरं सोडून तर राहतात. आनंदाला उद्याचं काम मिळालं म्हणून कालपासून जमिनीवर पाय नाहीत त्यांचे. बापाचं अर्धं राहिलेलं काम पोरगा पुरं करणार — असं सगळ्या आळीत सांगून आल्यात. तेव्हा हळूच बोलू आपण.

तुम्ही शिकलेले आहात, मी चौथी पास, पण ती शीर मी बोटांनी ओळखतो. वर नाल्यात बघितलीत ना तुम्ही? पांढरी गारगोटी, काळ्या कातळातून पूर्वेकडून पश्चिमेकडं सरळ गेलेली, वीतभर रुंद. ठाकरवाडीतल्या एका माणसाला तिचा तुकडा सापडला, चकचकीत ठिपके बघून त्याला वाटलं चांदी, तो गेला डोंबिवलीच्या सोनाराकडं, सोनारानं घासून बघितलं आणि म्हणाला शिसं आहे, पळ. तेवढ्यावरनं मुंबईची कंपनी आली, अठ्ठेचाळीस साली, स्वराज्य नुकतं आलेलं, ज्याला त्याला वाटायचं आपल्या जमिनीत काहीतरी असणार. केळुसकर साहेब पहिल्याच दिवशी मला म्हणाले, गणू, हा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा, या काळ्या दगडात शिसं सहसा येत नाही, आलं असलं तर चिमूटभर असेल. आणि तसंच होतं. खाली जाल तशी शीर बारीक — वर वीत, दहा फुटांवर चार बोटं, तीस फुटांवर माझी ही करंगळी. करंगळीसाठी चाळीस फूट खणलं आम्ही. तुम्ही अजून वीस खणणार. काय मिळणार, केसाएवढी शीर?

पुन्हा तोच आकडा. सतरा टक्के शिसं. मला माहीत होतं तुम्ही तो आकडा काढणार. अहो, पण बाकीचे अकरा नमुने बघा की. अर्धा टक्का, पाऊण टक्का, एक, एकात तर काहीच नाही. एकटा बारा नंबर सतरा. दहा भाकऱ्या कच्च्या निघाल्या आणि एकच फुगली तर शहाणी बाई आधी तव्याखाली बघते. — दुसरा नमुना घ्यायचा होता, बरोबर, पण कुठनं घेणार? बारा नंबर जिथनं काढला तिथंच तर विहीर पाडली. तो दगड सुरुंगानं उडाला, रस्त्याच्या खडीत गेला. आता तपासायचं तर तळाचं पाणी उपसा, माणूस खाली सोडा, त्याच्याकडनं दगड आणवा. आणि तेच तुम्ही उद्यापासून करताय. मी ओळखून आहे.

काय लिहिलंय? परत वाचा. — 'बारा क्रमांकाच्या नमुन्याबद्दल मला शंका होती, परंतु तो डेपोतल्या खलातच कुटला असल्याची खात्री नमुनेवाला भोईर यानं समक्ष दिली.' असं लिहून ठेवलंय केळुसकर साहेबांनी? समक्ष. बरोबर आहे. समक्षच दिली. — म्हणजे तुम्ही माझ्याकडं आलात ते यासाठी. मी एकदा हो म्हटलं, की तुमचं काम पक्कं. मी तासभर पाणी, साप, करंगळी सांगत बसलोय आणि तुमच्या मांडीवर हा कागद.

थांबा. आतलं दार लोटून येतो. — भाकऱ्या थापतायत दोघी, ऐकू जाणार नाही. तरी हळू. आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. साहेब, तो नमुना डेपोत कुटला नाही. इथं कुटला. मागच्या परसात.

कसं काय म्हणजे — ऐका ना. रीत अशी होती की टेकडीवर शिरेला आडवी खाच मारायची, खाली ताडपत्री धरायची, पडलेला सगळा चुरा गोणीत. मग ती गोणी डोंबिवली स्टेशनाजवळच्या डेपोत. तिथं कंपनीचा लोखंडी खल, त्यात कुटून रव्यासारखं बारीक करायचं, मग त्याचा ढीग घालायचा, पोळीसारखा चपटा करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, असं करत करत शेवटी पावशेर राहिलं की पिशवीत बांधून मुंबईला. अकरा नमुने मी तसेच केले, देवाशपथ. बाराव्या नमुन्याच्या दिवशी घरात हळद होती. माझ्या धाकट्या बहिणीची. आमच्याकडं हळद म्हणजे काय ते तुम्हाला घाटावरच्या लोकांना सांगून कळायचं नाही, लग्नाला एखादा चुकला तर चालतो, हळदीला चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं. आणि साहेबांनी सुट्टी दिली नव्हती, मुंबईच्या टपालात नमुना उद्या गेलाच पाहिजे म्हणून. टेकडीवरनं डेपो अडीच कोस, परत गाव दोन कोस. गोणी डोक्यावर. मी म्हटलं, कुटायचंच ना? घरी उखळी आहे.

आता आमच्या घरचा मूळ धंदा तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पाग म्हणजे खाडीत हातानं फेकायचं जाळं, त्याच्या घेराला शिशाचे मणी लागतात, नाहीतर ते तरंगत राहील. ते मणी करायचं काम आमच्या बापाचं, आज्याचं. खाडीकाठच्या कितीतरी गावांचे पाग इथं यायचे. भंगारातलं शिसं आणायचं, तुकडे करायचे, आणि काळ्या दगडाच्या उखळीत लोखंडी मुसळानं ठेचून ठेचून त्याच्या पट्ट्या करायच्या. साठ वर्षं शिसं ठेचलंय त्या उखळीत. दगडाच्या भोकाभोकांत मुरलंय ते. आम्हाला ते दिसतच नव्हतं हो, आम्हाला ती उखळी काळी दिसायची. जिथं धवलारीण बसून हळदीची गाणी म्हणत होती तिथनं दहा हातांवर मी ती पाण्यानं धुतली, दोन तांबे पाणी, आणि त्यात ओतली गारगोटी. गारगोटी काय चीज आहे ते तुम्हीच मला सांगाल. लोखंड खरवडते ती. साठ वर्षांचं शिसं तिनं खरवडून वर आणलं आणि आपल्या पिठात मिसळून घेतलं.

राघो होता बरोबर. मुसळ एकट्याला उचलेना म्हणून तोही लागला हाताला, अंगावर हळदीचे हात उठलेले, घाम गळतोय, हसतोय. आणि त्यानंच विचारलं — हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही साहेब — त्यानंच विचारलं, गण्या, ही उखळी चालेल का रे कंपनीला? मी म्हटलं, दगड तो दगड, कूट तू. त्यानं कुटलं.

नाही, तोवर ती चूकच होती. चुकीनं माणूस मरत नाही, मी ते मनाला सांगून बघितलंय. पुढचं ऐका. महिन्यानं आकडा आला, सतरा, आणि मुंबईहून तार आली की विहीर पाडा, माणसं लावा. गावातली चाळीस माणसं कामाला लागली. मिठागरं बसलेली त्या वर्षी, खारं पाणी बांध फोडून शेतात शिरलेलं, चुली कशा पेटायच्या ते आमचं आम्हाला ठाऊक — तर त्या चाळीस घरांत लोक माझं नाव घ्यायचे. गणूनं दगड काढला म्हणून. आणि एका दुपारी केळुसकर साहेबांनी मला तंबूत बोलावलं. उरलेली पूड त्यांनी कागदावर पसरलेली, भिंग हातात. म्हणाले, गणू, खाणीतलं शिसं चौकोनी फुटतं, चमकतं. हे बघ, हे चपटं आहे, ठेचल्यासारखं. हा नमुना कुठं कुटलास? मी भिंगातनं बघितलं. मला ओळखायला भिंग नको होतं साहेब, लहानपणापासून तेच बघत आलो, ती आमच्या पागाची पट्टी होती, बारीक झालेली. आणि मी म्हटलं, डेपोत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, डेपोत, समक्ष शपथ घेतो. बस्स. तेवढंच. एवढंसं बोलायला किती वेळ लागतो.

का बोललो — नोकरी जाईल म्हणून, न विचारता हळदीला गेलो ते कळेल म्हणून, चाळीस घरं माझ्या नावानं बोटं मोडतील म्हणून, सगळंच. झाकली मूठ राहू दे, शीर खाली गेल्यावर बारीक होईल, काम आपोआप बंद पडेल, कुणाचं काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब. शीर बारीक झालीही. केळुसकर साहेबांनी तीन वेळा लिहिलं मुंबईला की थांबवू या, आणि मुंबईवाले तीनही वेळा म्हणाले सतरा टक्के आहेत, खाली जा. दर शनिवारी मी ठरवायचो की सोमवारी सांगतो. चार महिने सोमवार आले. मग छत्तीस फुटांवर तो तांबडा थर लागला. तुम्हाला माहीत असेल, दोन कातळांच्या मध्ये गेरूसारखी माती, पोळीतल्या पुरणासारखी — कोरडी असली तर दगड, पाणी लागलं की लापशी. राघो खाली पहार मारत होता. वरचा कातळ त्या मातीवर बसलेला, माती फुगली, सटकली, आणि एक बाजू अख्खी खाली आली. दोराला हिसका बसला तो माझ्या हातात. मी होतो वर, दोर धरून. तिसऱ्या दिवशी काढला त्याला. तो थर अजून तिथंच आहे साहेब, नऊ वर्षं पाण्यात भिजतोय. तुमचा पंप पाणी काढील, पण त्या मातीला पाण्याचाच टेकू आहे आता, तो काढला की ती उभी राहायची नाही. आणि तिच्याखाली आनंदा असणार.

— हो, दिसतंय मला तुमच्या तोंडावर. विचारा. मालन दिली ती म्हणूनच का? म्हणूनच. त्यांच्या घरचं भाताचं शेत मी नऊ वर्षं लावून देतोय, घरावर कौलं मी घातली, आनंदाला सातवीपर्यंत शाळेत मी नेऊन बसवला, आणि पोरगी दिली. गाव म्हणतं, मैत्री असावी तर गणूसारखी. सगुणावहिनी दर भाऊबीजेला मला ओवाळतात. ताट समोर आलं की मी त्यांच्या कपाळाकडं बघत नाही, मान खाली घालून सुपारी धरून बसतो. त्यांना वाटतं माणूस लाजाळू आहे.

तर आता तुम्हाला कळलं. आता एक करा. तुमच्या कागदावर लिहा की बारा नंबरचा नमुना खराब होता, काम बंद. एवढंच लिहा. कुणी कुटला, कुठं कुटला, काय करायचंय तुमच्या साहेबांना? लिहा की डेपोतला खल घाण होता. खल बोलायला थोडाच येणार आहे. — का नाही? मोघम लिहिलं तर वरचे मानायचे नाहीत? आधीच शंका लिहिलेली होती, तरी मानली नाही, तसंच होणार? हं. नाव लागणार. जागा लागणार. उखळी दाखवावी लागणार. ती आहे, मागे. दोनदा खाडीत टाकायला उचलली, दोन्ही वेळा परत ठेवली, का ते विचारू नका. पण साहेब, नाव लिहिलं की ते टपालात जाणार, तलाठ्याकडं येणार, तलाठी चावडीवर वाचणार, आणि वहिनींना ते चावडीवर कळणार. बाईमाणसानं हे चावडीवर ऐकायचं का? नाही, मग राहू दे. राहू दे ते लिहिणं. मी आनंदाला सांगतो, जाऊ नको म्हणून — सांगितलंय, काल सांगितलं, रात्री पुन्हा सांगितलं. तो म्हणाला मामा, बाबांची जागा बघायचीय मला एकदा. आणि तो नाही गेला तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी सोडणारच. तोही कुणाचा तरी असणारच ना.

पॉवरहाऊसचा भोंगा झाला. साडेचार. आनंदा आता येईल दोर घेऊन, ठाकुर्लीला गेलाय नवा दोर आणायला.

काढा पेन. लिहा. मी सांगतो तसं लिहा, नंतर वाचून दाखवा. मी गणू जोमा भोईर, वय शेहेचाळीस. बारा नंबरचा नमुना मी माझ्या घरच्या उखळीत कुटला. त्या उखळीत आम्ही पागाचं शिसं ठेचायचो. हे मला साहेबांनी भिंग दाखवलं त्या दिवशीच कळलं होतं. — हो, तेही लिहा, ते गाळू नका, नाहीतर लोक म्हणतील बिचारा अडाणी होता. कळलं होतं, आणि मी खोटं बोललो. राघोचं नाव लिहा पूर्ण. राघो हरी पाटील. मजूर एक नको. आणि खाली माझी सही, मला येते सही. द्या इकडं. — वाचता येईल. झालं? मग उद्या कुणी उतरणार नाही. तुमच्या तोंडून ऐकू द्या. कुणीही नाही. बरं.

एक ऐका. हा कागद आजच्या टपालात टाका, तो चावडीवर यायला आठवडा लागेल. पण आठवडाभर हे पोटात ठेवून मी वहिनींच्या हातची भाकरी खाणार नाही. — आलो, आलो वहिनी. नाही, तुम्हीच या बाहेर. हातातलं पीठ राहू दे, मालन बघेल. मालन, तू आतच थांब, आणि दार ओढून घे.

काय म्हणता? उद्याला नारळ किती? नारळ लागणार नाहीत वहिनी, काम बंद झालं. आनंदा येईल आता, त्याला मी सांगतो, त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. बसा. तिकडं नको, इथं, माझ्यासमोर बसा. — नाही साहेब, चहा पुन्हा कधीतरी. तुम्ही निघा आता. माझ्यासाठी थांबू नका, बाजूला उभं राहून धीर द्यायचीही गरज नाही. फाटक ओढून घ्या जाताना.